जुन्या कादंबऱ्यांमधला पैसा

जुन्या कादंबऱ्या, म्हणजे साधारण १८०० ते १९६० च्या दरम्यानच्या, त्यात पैसा नुसता मागे कुठेतरी नसतो, लग्न कुणाचं कुणाशी होणार, घर कुणाच्या नावावर राहणार, कोण कुणापुढे मान खाली घालणार हे सगळं त्यावरच ठरतं. वारसा, हुंडा, कर्ज, गहाण, दिवाळं आणि पुढे पुढे पगार, ही त्याची नेहमीची रूपं. सातारा-सांगलीकडच्या वाचकाला कर्ज आणि गहाण समजावून सांगायची गरज नाही, पण इंग्लिश कादंबरीतलं ते ‘वर्षाला इतके पौंड’ प्रकरण मात्र जरा उलगडावं लागतं.

जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) नायक डार्सी नाचाच्या हॉलमध्ये शिरतो आणि पाच मिनिटांत त्याचं उत्पन्न सगळ्यांना माहीत होतं, वर्षाला १०,००० पौंड. त्याचा मित्र बिंगली याचे चार-पाच हजार, नायिकेच्या बापाच्या, म्हणजे बेनेटांच्या जमिनीचे साधारण २,०००. हे पगार नाहीत बरं का, बसून खायचं उत्पन्न आहे, जमिनीचा खंड किंवा सरकारी रोख्यांचं व्याज. व्याजाचा दर ४-५ टक्क्यांच्या आसपास असायचा, त्यामुळे मुद्दल सांगितलं की उत्पन्न आणि उत्पन्न सांगितलं की मुद्दल, वाचक मनातल्या मनात हिशोब करून मोकळा. बेनेटांच्या जमिनीचा पुढचा वारस कॉलिन्स तर नायिका एलिझाबेथला मागणी घालतानाच तोंडावर ऐकवतो की तुला मिळणार काय तर चार टक्के व्याजाने ठेवलेले हजार पौंड, आणि तेही आई गेल्यावर! पाच मुली असून जमीन त्यांना नाही, ती दूरच्या पुरुष वारसाला जाणार, ही त्या घरातली खरी धास्ती. प्रेमकथा म्हणून वाचणाऱ्यांनी हा हिशोब सोडला तर निम्मी कादंबरी हातातून गेली असं माझं मत आहे.

फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या ‘फादर गोरियो’त (१८३५) शेवयांचा धंदा करून पैसा केलेला बाप दोन मुलींना सगळं देऊन स्वतः स्वस्तातल्या खानावळीत मरतो, आणि तिथेच एक बेरकी माणूस तरुण विद्यार्थ्याला पटवून देतो की वकिली शिकून आयुष्य घालवण्यापेक्षा पैसेवाल्याची पोरगी कर. स्वतः बाल्झाक जन्मभर कर्जात होता, त्यामुळे हुंड्या (म्हणजे पैसे फेडायच्या लेखी चिठ्ठ्या), मुदती, तगादे याचं वर्णन करायला त्याला बाहेर जायला लागलं नाही. इंग्लिश कादंबरीकार डिकन्सचंही तेच. १८२४ मध्ये त्याच्या बापाला कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं होतं आणि बारा वर्षांचं पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला. हाच तुरुंग पुढे ‘लिटल डॉरिट’मध्ये येतो. कर्जासाठी कैद इंग्लंडमध्ये बऱ्याच अंशी बंद झाली ती १८६९ च्या कायद्याने.

कादंबऱ्यांत इतके नेमके आकडे कसे काय, तर नेपोलियनची युद्धं संपल्यापासून १९१४ पर्यंत युरोपात पैशाची किंमत फारशी हललीच नाही, लेखकाने लिहिलेला आकडा नातवालाही कळायचा. महायुद्धानंतर महागाई आली आणि कादंबऱ्यांत आकडे देणंही कमी झालं. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने २०१३ च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा ऑस्टेन आणि बाल्झाकलाच धरून मांडलाय.

मराठीत चित्र वेगळं. इथे वर्षाचं उत्पन्न कोणी सांगत नाही, इथे दागिना मोडतात, शेत गहाण पडतं आणि दारात सावकाराचा माणूस उभा राहतो. ‘श्यामची आई’त (१९३५) वसुलीला आलेला माणूस आईला नाही नाही ते बोलतो तो प्रसंग शाळेत वाचलेला नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं अवघड. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये नायिका यमूचं वैधव्य आहे, आणि त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला पोटगीपलीकडे हक्क नव्हता, नवऱ्याच्या वाट्यावर मर्यादित का होईना पण हक्क आला तो १९३७ च्या कायद्याने. म्हणजे तिच्या लाचारीमागे केशवपनाइतकाच पैसाही आहे, पण त्याबद्दल बोललं कमी जातं.

सावकारीचा आपल्या भागाशी संबंध कायद्याच्या पुस्तकातही आहे. १८७५ च्या दंग्यात पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यावर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला आणि तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यात सातारा होता, आणि तेव्हाच्या साताऱ्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. (सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात, त्यांचा कारभार वेगळा.) कोर्टाने नुसतं खत न बघता मूळ कर्ज किती, व्याज किती चढवलं हे उकरून बघायचं आणि शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकायचं नाही, असं त्यात होतं. दामदुपटीचा नियम त्याच्याही आधीचा, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नाही. इतका मालमसाला असूनही मराठी कादंबरीत सावकार बहुतेक वेळा नुसता दुष्ट असतो, त्याचा दर काय, त्याची वही कशी चालते हे फारसं कळत नाही. ही मला मोठी उणीव वाटते.

आता सांगली जिल्ह्यात असलेल्या गावांच्या दोन लेखकांनी मात्र पैसा वेगळ्याच टोकाने धरला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) दुष्काळ पडलाय, माणसं उपाशी आहेत आणि धान्य लुटून वाटणं हाच तिथला अर्थव्यवहार. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) श्रीमंती म्हणजे मेंढरं, पाऊस गेला की मेंढरं जातात आणि गाव रिकामं होतं, बँक नाही, शिल्लक नाही, काही नाही. याच भागातल्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकांतून तोवर पगारदार, शिकलेल्या घरांच्या गोष्टी घरोघरी पोचलेल्या होत्या, त्यातला पैसा महिन्याच्या एक तारखेचा. भिशी, पिग्मी, पतसंस्था, उसाचं बिल या गोष्टी त्या जुन्या कादंबऱ्यांत जवळपास दिसत नाहीत, त्यांचा जोर नंतरचा, आणि बुडालेल्या पतसंस्थेवर कुणीतरी बाल्झाकच्या तोडीचं लिहायला हरकत नाही, विषय तयार आहे.