हेड आणि कॅम घरी बदलताय? स्टार्टर मारण्याआधी एवढं वाचा

हेडचं काम आमच्याकडे करून घेऊन बाकीची जोडणी घरी करणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. तुम्हाला पान्हा धरता येतो, टायमिंग म्हणजे काय ते कळतं आणि गाडीचं मॅन्युअल समोर आहे, असं धरूनच लिहिलंय. कोल्हापुरात ते धरायला हरकत नाही. इथं बऱ्याच घरांत कुणी ना कुणी उद्यमनगरात लेथवर, नाहीतर शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेलं असतं. हौस आणि हात दोन्ही आहेत.

तरीही एकच दुखणं पुन्हापुन्हा आमच्या टेबलावर येतं. हेड फेस करून (खालची बाजू घासून सपाट करून) नेलं, जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकला, खुणेला खूण जुळवली, बेल्ट चढवला आणि थेट चावी फिरवली. चार दिवसांत तेच हेड परत. व्हॉल्व्ह वाकलेले, एखादा गाईड तडकलेला, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखा व्रण. मग झालेलं सगळं काम पहिल्यापासून करायचं आणि ज्यांची हेड रांगेत आहेत त्यांना थांबवायचं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर न मोजता इंजिन फिरवलं, एवढीच चूक असते. मोजायला एक दुपार लागते.

खुणा जुळल्या, तरीही?

पुलीवरच्या खुणा कंपनीच्या कॅमसाठी आणि मूळ उंचीच्या हेडसाठी असतात. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड जेवढं फेस होतं तेवढा कॅम क्रँकच्या जवळ येतो. बेल्टची किंवा चेनची ओढणारी बाजू लांबीला तेवढीच राहते. सुटलेली ढिलाई टेन्शनर दुसऱ्या बाजूने खेचून घेतो आणि कॅम थोडा मागे पडतो, म्हणजे रिटार्ड होतो. कॅम मागे पडला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. त्यात हेड स्वतःच पिस्टनकडे सरकलेलं, कॅमची लिफ्ट आणि ड्युरेशनही (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) वाढलेली. सगळ्यांनी मिळून अंतर खाल्लेलं असतं.

एक दात इकडेतिकडे झाला तर काय, हे ग्राहक हमखास विचारतात. कॅमच्या पुलीला 40 दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमचे 9 अंश. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, म्हणून क्रँकवर ते 18 अंश झाले. जास्त ड्युरेशनच्या कॅमला एवढी चूक झेपत नाही.

"माझ्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह लागत नाहीत" असंही सांगतात. ते कंपनीच्या लिफ्टपुरतं खरं असेल. नवा कॅम आणि फेस केलेलं हेड आलं की ती खात्री संपली, असंच समजा.

मोजायचं कसं

पहिल्या सिलिंडरच्या पिस्टनचा माथा थिनरने पुसून कोरडा करा. व्हॉल्व्हसाठी जिथं खोलगट पॉकेट असतात तिथं मॉडेलिंग क्लेची पाच-सहा मिमी जाडीची पट्टी बोटाने दाबून बसवा. व्हॉल्व्हच्या तोंडाला तेलाचं बोट फिरवा, नाहीतर क्ले व्हॉल्व्हला चिकटून वर येते. नवं गॅस्केट यात वाया घालवू नका. त्याच जाडीचं जुनं, दबलेलं गॅस्केट घाला आणि जुन्या बोल्टनी हेड टॉर्क करा. टॅपेटचं क्लिअरन्स लावा, बेल्ट पूर्ण ताणा, सगळे प्लग काढा.

आता क्रँकच्या बोल्टला पान्हा लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. सावकाश. व्हॉल्व्ह स्प्रिंगचा चढउतार हाताला जाणवतो, तो ओळखीचा होतो. त्यापेक्षा वेगळं, घट्ट काही लागलं तर तिथंच थांबा. तिथं लावलेला जोर व्हॉल्व्हच्या दांड्यावर जातो.

हेड उचला. क्लेमध्ये व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटलेला दिसेल. ब्लेडला तेल लावून ठसा मधोमध कापा, अर्धा भाग अलगद काढा आणि उरलेल्या कापाची सगळ्यात पातळ जागा व्हर्निअरच्या मागच्या डेप्थ रॉडने मोजा. इनटेकला किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टला किमान 2.5 मिमी हवं. कॅम बनवणाऱ्याने याहून जास्त मागितलं असेल तर त्याचं ऐका. एक्झॉस्टला जास्त का? तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. शिवाय वरच्या आरपीएमला कनेक्टिंग रॉडही किंचित ताणला जातो, स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर मागे आणायला कमी पडते. टेबलावरचं अंतर धावत्या इंजिनात तेवढं उरत नाही. ठशाची कड आणि पॉकेटची भिंत यांच्यातही दीड मिमी मोकळं असू द्या, खासकरून मोठे व्हॉल्व्ह बसवले असतील तर.

हायड्रॉलिक टॅपेट असतील तर क्लेचं माप फसवं येतं. टॅपेटमध्ये तेलाचा दाब नसतो, तो स्प्रिंगखाली दबतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाही आणि अंतर भरपूर आहे असं वाटतं. अशा इंजिनाला टॅपेट तात्पुरते सॉलिड करून, मूळ स्प्रिंगच्या जागी हलक्या चेक स्प्रिंग घालून डायल (सरक मोजणारं गेज) लावायचा. टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी 20 अंशांपासून नंतर 20 अंशांपर्यंत दर दोन अंशांना थांबून व्हॉल्व्ह बोटाने खाली दाबायचा आणि पिस्टनला टेकेपर्यंत किती जातो ते लिहायचं. सगळ्यात कमी आकडा बहुधा टीडीसीच्या दहाएक अंश अलीकडे एक्झॉस्टला आणि तेवढाच पलीकडे इनटेकला मिळतो. व्हेरिएबल टायमिंगच्या इंजिनाला हे कॅम पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, दोन्हीकडे तपासा.

अंतर कमी आलं तर कॅम थोडा पुढे-मागे करून भागतं का ते पाहता येतं. कॅम पुढे घेतला की एक्झॉस्टचं अंतर वाढतं आणि इनटेकचं कमी होतं. त्यासाठी ॲडजस्टेबल पुली आणि डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) लागतं. टीडीसी नुसत्या डोळ्याने धरू नका, पिस्टन स्टॉपर लावून दोन्ही बाजूंचे अंश घ्या आणि त्यांचा मध्य काढा. एवढं करूनही अंतर पुरत नसेल तर जाड गॅस्केट किंवा पिस्टनचे पॉकेट खोल करणं, हे दोन मार्ग उरतात. पॉकेट ग्राइंडरने घरी खणू नका. माथ्याची जाडी किती उरते ते आधी बघावं लागतं.

आम्ही एवढं विचारतो का

"नुसतं फेस करून द्या, बाकी मी बघतो" असं म्हणणाऱ्यांना आमच्या प्रश्नांचा राग येतो. आम्ही आधी हेडची मूळ उंची, गॅस्केटची जाडी आणि कॅमचं कार्ड (त्याच्या लिफ्ट आणि टायमिंगचे आकडे) मागतो, कारण फेसिंग उलटं करता येत नाही. 74 मिमी बोअरच्या 1298 सीसी इंजिनाचं उदाहरण घ्या. कम्प्रेशन 9 आहे आणि हेड अर्धा मिमी उतरवलं, तर चेंबर जास्तीत जास्त सव्वादोन सीसीच्या आत कमी होतं आणि कम्प्रेशन साडेनऊच्या जवळ जातं. वाचायला किरकोळ वाटतं. पण त्याच अर्ध्या मिमीने व्हॉल्व्हचं अंतरही घटतं, आणि आधीच कुणी एकदा फेस केलेलं असेल तर हिशेब आणखी बिघडतो. म्हणून हेड सपाट करायला लागेल तेवढंच आम्ही काढतो. त्याहून जास्त हवं असेल तर क्लेचं माप घेऊन या, आनंदाने करू.

प्रेशर टेस्ट आम्ही प्रत्येक ॲल्युमिनियम हेडची करतो आणि तिचे पैसे वेगळे लावतो. एकदा तापलेल्या हेडमध्ये दोन सीटच्या मधे बारीक चीर असते, ती नुसत्या डोळ्याला दिसत नाही. हेड गरम पाण्यात बुडवून आत हवा भरली की तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. नव्या सीट, नवे गाईड, तीन कोनांचं सीट कटिंग एवढं सगळं करून मग चीर सापडली, तर तुमचेच पैसे बुडतात.

कॅम कॅप हेडसोबतच आणा. कॅप आणि हेड जोडून बोअर केलेले असतात, दुसऱ्या हेडच्या कॅप त्याला चालत नाहीत. बकेट आणि शिम ज्या व्हॉल्व्हच्या त्याच व्हॉल्व्हच्या, नंबर टाकून वेगवेगळ्या पिशव्यांत. एका डब्यात ओतून आणल्या की आमचा अर्धा दिवस त्यात जातो.

व्ही-6, व्ही-8 वाल्यांसाठी: दोन्ही हेड एकदम आणा, दोन्ही एकाच मापाने फेस होतात. नाहीतर दोन बाजूंचं कम्प्रेशन वेगळं होतं. हेड खाली आलं की इनटेक मॅनिफोल्डची भोकं जुळत नाहीत आणि पुशरॉडची लांबीही पुन्हा बघावी लागते.

कॅम कुठला?

आमचं मत स्पष्ट आहे. रोज दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबणाऱ्या आणि रविवारी पन्हाळा किंवा गगनबावडा चढणाऱ्या गाडीला मोठ्या ड्युरेशनचा कॅम घालू नका. आयडलिंग लंगडं होतं, व्हॅक्यूम पडल्याने ब्रेक पेडल जड लागू शकतं आणि घाटात जिथं ताकद हवी तिथं खालचा टॉर्क गेलेला असतो. अशा गाडीला चांगलं सीट कटिंग, पोर्टची जुळणी आणि मध्यम कॅम यांचाच फायदा जास्त. मोठा कॅम ट्रॅकच्या गाडीला शोभतो. त्याला स्प्रिंगही तशाच लागतात, आणि पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला किमान एक मिमी तरी बाकी हवं. ते आम्ही हेड देतानाच मोजून लिहून देतो. इंजेक्शनची गाडी असेल तर ट्यूनिंगचा खर्च आधीच धरा.

रस्त्यावरच्या गाडीत मोठा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करा. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो.

शेवटच्या जोडणीला टॉर्क-अँगलचे (ठरावीक टॉर्कनंतर अंश मोजून आवळायचे) बोल्ट नवेच घ्या. ब्लॉकच्या बंद भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकतो. सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल तर टॅपेटही नवे हवेत, लोबला कॅमची पेस्ट हवी, आणि इंजिन सुरू होताच पहिली वीस मिनिटं 2000 ते 2500 आरपीएमच्या दरम्यान, आयडलला न सोडता.

डायल, डिग्री व्हील आणि पिस्टन स्टॉपर आम्ही डिपॉझिटवर देतो, भाडं घेत नाही. हेडसोबत ब्लॉकही आणलात तर क्लेची तपासणी आम्हीच करून आकडे लिहून देऊ, तिचा दर काउंटरवर लावलेला आहे. आमच्याकडे हे माप घेऊन जोडलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह लागला तर हेडचं काम आम्ही पुन्हा मोफत करतो. न मोजता फिरवलेल्या इंजिनाला ही सवलत नाही. हेड आणण्याआधी एक फोन करा. सोमवारी सुट्टी. क्लेची वडी प्रत्येक हेडच्या खोक्यात आम्ही ठेवतोच. चेक स्प्रिंग हव्या असतील तर हेड नेतानाच मागून घ्या आणि काम झालं की परत आणून द्या.