सारखेच गुण, उलट्या चुका

शाळा उघडली की पायाभूत चाचणीचे, म्हणजे मुलांना आधीचं किती येतं ते पाहणाऱ्या चाचणीचे, पेपर येतात. तपासणी होते, बेरजा होतात, तक्ता भरला जातो आणि मग धडा पहिला सुरू होतो. घरी पालक विचारतात, ‘किती पडले?’ पूर्वज्ञानाच्या चाचणीबद्दल याहून निरुपयोगी प्रश्न नाही. असं का, ते एका छोट्या उदाहरणावरून पाहू.

४.८ आणि ४.६३ यांतली मोठी संख्या कोणती? दशांश अपूर्णांक शिकून झालेली कित्येक मुलं ४.६३ म्हणतात, कारण त्रेसष्ट आठापेक्षा मोठे. त्यांच्या दृष्टीने दशांश चिन्ह हे कुंपण असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्वतंत्र पूर्ण संख्या असते. ही समजूत आकाशातून पडलेली नाही. ४.६३ रुपये म्हणजे चार रुपये त्रेसष्ट पैसे. क्रिकेटमध्ये ४.५ षटकं म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू, साडेचार षटकं नव्हेत. शिवाय आपण सगळेच ‘चार पॉइंट त्रेसष्ट’ असं वाचतो, आणि कानावर त्रेसष्ट पडलं की मनात त्रेसष्टच उमटतं. या समजुतीला ‘लांब ती मोठी’ म्हणू.

याच वर्गात बरोबर उलट समजूत असलेली मुलंही बसलेली असतात. शतांश हे दशांशापेक्षा लहान, हे त्यांनी नीट ऐकलेलं असतं. त्यावरून ती ठरवतात, की ज्या संख्येत शतांश, सहस्रांश येतात ती लहानच असणार. काही जणांच्या मनात १/६३ हा १/८ पेक्षा लहान, हा व्यवहारी अपूर्णांकांचा नियम घुसलेला असतो. मग ५.७३६ आणि ५.६२ यांत ती ५.६२ निवडतात. ही ‘आखूड ती मोठी’वाली मुलं. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी १९९० च्या दशकात तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या अशा समजुती तपासल्या, आणि बऱ्याच जणांची पुढची काही वर्षं पुन्हापुन्हा चाचणी घेतली.

आता गंमत पाहा. ‘आखूड ती मोठी’वालं मूल ४.८ आणि ४.६३ मध्ये अचूक उत्तर देतं, कारण इथे आखूड संख्याच मोठी आहे. ‘लांब ती मोठी’वालं ५.७३६ ला मोठं म्हणतं, तेही अचूक. म्हणजे बरोबर उत्तरामागेही चुकीची समजूत असू शकते. ती उघडी पाडायची तर जोड्या दोन गटांत निवडाव्या लागतात.

क गटात आखूड संख्या मोठी हवी: ४.८ / ४.६३, ०.५ / ०.३६, २.७ / २.४१८, ०.७५ / ०.२१६, ३.९२ / ३.४८१३. ख गटात लांब संख्या मोठी हवी: ५.७३६ / ५.६२, ०.४२६ / ०.३, २.५१६ / २.४८, ०.६४ / ०.५, १.८५ / १.७. कागदावर या दहा जोड्या मिसळून द्यायच्या, आणि प्रत्येक जोडीत मोठ्या संख्येभोवती गोल करायला सांगायचं. तपासताना मात्र क आणि ख यांचे गुण वेगळे लिहायचे.

‘लांब ती मोठी’ची ओळख क मध्ये ०, ख मध्ये ५. ‘आखूड ती मोठी’ची ओळख क मध्ये ५, ख मध्ये ०. बेरीज केली की दोघांनाही दहापैकी पाच! तक्त्यात दोघं शेजारीशेजारी, उपचार मात्र वेगळे. बेरजेच्या चिन्हाने नेमकी हवी ती माहिती पुसून टाकली.

प्रत्येक गटात पाच जोड्या का, एकेक का नाही? पर्याय दोनच असल्याने नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात. एखादी चूक अनवधानाने होऊ शकते, म्हणून आपण थोडी सूट देऊ: क मध्ये १ किंवा ०, आणि ख मध्ये ४ किंवा ५ आले, तर ‘लांब ती मोठी’. पाच नाणी उडवली तर एकूण ३२ शक्यता असतात. त्यांतल्या ६ शक्यतांत चार किंवा पाच छापे पडतात, आणि शून्य किंवा एक छापा पडण्याच्या शक्यताही ६ च. दोन्ही गट एकत्र धरले तर ६ × ६ = ३६, भागिले ३२ × ३२ = १०२४, म्हणजे साधारण ३.५ टक्के. आंधळेपणाने गोल करत सुटलेलं मूल शंभरात तीन-चार वेळाच या खुणेत बसेल. एकेक जोडी ठेवली असती तर तेच मूल चारात एकदा बसलं असतं, आणि निदान कवडीमोल ठरलं असतं.

दहा जोड्यांनंतर १७.३५३ / १७.३५ आणि ४.४५०२ / ४.४५ अशा दोन जोड्या जोडाव्यात. पैशांच्या हिशेबाने विचार करणारं मूल बाकी सगळं अचूक सोडवतं आणि इथे अडतं, कारण पैशांत दोन स्थळांच्या पुढे काही नसतंच.

पाठकोऱ्या अर्ध्या पानावर बारा जोड्या, दहा मिनिटं, गुण नाहीत, हे आधीच सांगायचं. तरी चाचणी बऱ्याचदा फसते. सर्वांत मोठी चूक म्हणजे ०.४५ / ०.३८ अशा सारख्या लांबीच्या जोड्या देणं. त्या सगळ्यांनाच येतात आणि शिक्षकाचा गैरसमज होतो, की वर्ग तयार आहे. दुसरी चूक, आदल्या दिवशी उजळणी घेणं. तिसरी, ‘दशांश येतात ना?’ असं विचारून हात वर करायला लावणं. ‘लांब ती मोठी’वाल्या मुलाला स्वतःच्या उत्तराबद्दल कसलीच शंका नसते, त्याचा हात आधी वर जातो.

उपचारातही एक सापळा आहे. ‘मागे शून्य लावून लांबी सारखी करा’ हा नियम शिकवला की ४.८० आणि ४.६३ मध्ये मूल ८० आणि ६३ यांची तुलना करून बरोबर उत्तर देतं. कुंपण तिथेच राहतं. मीटर-सेंटिमीटरचं उदाहरणही असंच दगा देतं: ४.८ मीटर म्हणजे चार मीटर आठ सेंटिमीटर, असं तेच मूल खुशाल म्हणेल. त्याऐवजी वायरिंगचा प्लॅस्टिक पाइप कापून घ्यावा. एक मीटरचा तुकडा म्हणजे ‘एक’, दहा सेंटिमीटरचे तुकडे ‘दशांश’, एक सेंटिमीटरचे ‘शतांश’. मापांची नावं उच्चारायची नाहीत. ०.८ आणि ०.६३ या संख्या जमिनीवर मांडल्या, की आठ दशांशांची रांग सहा दशांश आणि तीन शतांशांच्या पुढे गेलेली दिसते. ‘आखूड’वाल्यांसाठी ०.६३ मधले सहा दशांश आधी मांडून घ्यावेत, आणि मग विचारावं, ‘तीन शतांश जोडल्यावर लांबी वाढली की कमी झाली?’

हे शाळेपुरतं नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडला बारीक मापं घेणारा व्हर्निअर कॅलिपर हातात देण्याआधी, नर्सिंगला औषधाची मात्रा शिकवण्याआधी हाच कागद उपयोगी पडतो. ०.२५ मिलिग्रॅम ०.५ पेक्षा जास्त वाटणं वॉर्डात परवडणारं नाही. भौतिकशास्त्रात १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही बलाविषयीची प्रश्नावली याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यातले चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या मनात खरोखर असलेल्या कल्पनांतून घेतले आहेत.

आणि बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्यांवर हजारो रुपये घालवणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात घ्यावं: बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. मुलाने पाचवीत दशांश चिन्हाचा काय अर्थ लावला, हे त्या रेषांत लिहिलेलं असूच शकत नाही. त्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही.

शिकवून झाल्यावर लगेच हाच कागद पुन्हा देऊ नये. ताजा नियम काही दिवस टिकतो आणि मग जुनी समजूत डोकं वर काढते. आकडे बदलून, क आणि ख ची रचना तशीच ठेवून, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या आठवड्यात पुन्हा दहा मिनिटं द्यावीत, आणि याही वेळी दोन्ही रकाने वेगळेच ठेवावेत.