रिकाम्या शुक्रवारचा खर्च

घरून काम करण्याची पद्धत २०२० नंतर अनेक देशांत टिकून राहिली. तिचा भार सर्वांत जास्त पडला तो शहरांच्या मध्यवर्ती व्यापारी भागांवर आणि तेथे माणसे आणून सोडणाऱ्या रेल्वे-बससेवांवर. प्रवासी घटले की खर्चही घटेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. किती गाड्या, किती डबे आणि किती चालक लागणार, हे दिवसभरातील एकूण प्रवाशांपेक्षा सर्वाधिक गर्दीच्या तासावरून ठरते. रूळ, बोगदे आणि सिग्नल यांची देखभाल तर गाडी रिकामी धावली तरी चुकत नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात येणारे बहुतेक लोक मंगळवार ते गुरुवार हेच दिवस निवडतात. त्यामुळे बुधवारच्या गर्दीसाठी लागणारा ताफा शुक्रवारी पुरेसा वापरला जात नाही. लंडनमध्ये मार्च ते मे २०२४ या काळात शुक्रवारी दिवसभर बिगरगर्दीच्या वेळेचे कमी भाडे लावून पाहण्यात आले, पण प्रवासीसंख्येत दखल घेण्याजोगी वाढ झाली नाही. माझ्या मते त्यात नवल नाही, कारण कार्यालयात कधी जायचे हे तिकिटाच्या दरापेक्षा बाकीचे सहकारी कधी येणार यावरून ठरते.

सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट ही रेल्वे महासाथीपूर्वी आपल्या चालनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग भाड्यातून भागवत असे. २०२३मध्ये कामाच्या दिवसांतील तिचे प्रवासी २०१९च्या निम्मेही नव्हते. अशा वेळी फेऱ्या कमी करणे हा सोपा उपाय वाटतो, परंतु तो घातक आहे. प्रवासी, फेऱ्या आणि प्रतीक्षा यांचे नाते अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२मध्ये मांडले होते. पाच मिनिटांनी सुटणारी गाडी दहा मिनिटांनी सुटू लागली, की वेळापत्रक न पाहता स्थानकावर येणाऱ्याची सरासरी प्रतीक्षा अडीच मिनिटांवरून पाचवर जाते, आणखी काही प्रवासी दुरावतात आणि उत्पन्न पुन्हा घटते. यात भरडले जातात ते परिचारिका, सफाई कामगार आणि स्वयंपाकी, ज्यांचे काम घरून होऊच शकत नाही.

ओस पडलेल्या कार्यालयांची घरे केली, तर त्या भागात दिवसाच्या सर्व वेळी आणि आठवड्याच्या सर्व दिवशी ये-जा होईल, हा विचार मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र आधुनिक कार्यालयांचे मजले इतके रुंद असतात, की मधल्या भागापर्यंत खिडकीचा उजेड पोहोचत नाही, आणि स्वच्छतागृहांचे नळ इमारतीच्या गाभ्यातच एकवटलेले असतात. म्हणून वातानुकूलन येण्यापूर्वी बांधलेल्या, अरुंद मजल्यांच्या जुन्या इमारतींचे रूपांतर तुलनेने सोपे ठरते.