दुसरी बाजू मांडायची कुणी?

जुन्या शास्त्रग्रंथांत आपले मत थेट ठोकून द्यायची सोय नव्हती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे; मग सिद्धान्त, म्हणजे आपले मत. ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य वाचताना विरोधकाचे म्हणणे कधीकधी इतके भक्कम भेटते की नवख्याला तोच सिद्धान्त वाटावा. रोमच्या चर्चने तर त्यासाठी पदच ठेवले होते. १५८७पासून, कुणाला संत ठरवण्याआधी त्याच्याविरुद्धचे मुद्दे शोधणे हे एका अधिकाऱ्याचे काम असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३मध्ये या पदाची धार काढून घेण्यात आली.

म्हणजे उलट बाजू मांडणे कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेले नव्हते. ते नेमून दिलेले काम होते. वर्तमानपत्रे आणि रेडिओ आले तसे ते वाचकाच्या गळ्यात पडले.

पहिल्या महायुद्धातल्या प्रचाराने पोळल्यावर १९३७मध्ये न्यूयॉर्कला प्रचाराची चिरफाड करणारी एक संस्था निघाली. शिक्का मारणे, गोंडस शब्द वापरणे, सोयीचीच माहिती पुढे करणे अशा सात युक्त्या तिने शाळाशाळांत शिकवल्या. यातून मुले कशावरच विश्वास ठेवणार नाहीत, अशी टीका झाली. १९४२मध्ये संस्था बंद पडली, पण तिची खोड आपल्यात उरली आहे, असे मला वाटते : युक्त्या ओळखायच्या त्या समोरच्याच्या. (१९३८च्या मंगळस्वारीच्या रेडिओ-नाट्याने अमेरिकाभर हलकल्लोळ माजला, ही गोष्ट भाबड्या श्रोत्यांचा दाखला म्हणून अजून सांगतात. तो हलकल्लोळ बराचसा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनीच फुगवलेला होता.)

आपल्याच बाजूची तपासणी फार उशिरा सुरू झाली. १९७९मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थी घेतले. निम्मे फाशीच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले : फाशीने खून कमी होतात असे सांगणारा एक, होत नाहीत असे सांगणारा दुसरा. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास पटला, दुसऱ्यात खोट दिसली. दोन्ही बाजू वाचून दोन्ही गट आपापल्या मतावर आणखी घट्ट झाले.

१९८४मध्ये हाच प्रयोग थोडा बदलून झाला. ‘न्यायाधीशासारखे निःपक्षपाती राहा’ असे बजावून काही फरक पडला नाही. दुसऱ्या एका गटाला मात्र पायरीपायरीला एवढेच विचारायला सांगितले होते : याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा आला असता, तरी मी हेच म्हटले असते का? त्या गटाचा आपल्याच बाजूकडे झुकण्याचा कल जवळपास नाहीसा झाला.