डिझेल टाकीचं वेल्डिंग आणि व्हॅक्यूम चेंबरचं वेल्डिंग

मिरकरवाड्याच्या बंदरावर ट्रॉलरसाठी डिझेलची नवी टाकी केली की तिची परीक्षा ठरलेली. जोडाला एका बाजूने खडूचं पाणी फासायचं, सुकू द्यायचं, मग दुसऱ्या बाजूने रॉकेल लावायचं. पांढऱ्यावर ओला डाग उठला नाही, की टाकी पास.

माझ्या काकांचं आयुष्य या कामात गेलं. फ्युजनच्या, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, प्रयोगांना लागणाऱ्या व्हॅक्यूम चेंबरबद्दल (आतली हवा उपसून काढलेलं बंद पात्र) मी सांगायला लागलो, तर म्हणाले, "त्यात काय एवढं? आतून-बाहेरून फुल वेल्डिंग मारायचं. थेंब जायचा नाय."

थेंब जाणार नाही हे खरंच. पण इथे अडवायची असते हवा. चेंबर आतून उपसतात, बाहेरून जोडावर हेलियम फिरवतात आणि आत किती पोचला ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वायू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, बघतात. गळतीची नेहमीची मर्यादा सेकंदाला 0.000000001 मिलिबार-लिटर. या वेगाने एक घनसेंटिमीटर हवा आत शिरायला सुमारे 30 वर्षं लागतील. रॉकेलला पुरून उरलेला जोड इथे सहज नापास होतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे काकांचं ते दोन्हीकडचं फुल वेल्डिंग. टाकीला ते मजबुती देतं, चेंबरला मात्र बाधतं. दोन शिवणींच्या मधल्या फटीत थोडी हवा कोंडते. आतल्या शिवणीला सुईच्या टोकाहून बारीक भोक असलं, तर ती हवा दिवसच्या दिवस चेंबरमध्ये झिरपत राहते. पंप चालूच, दाब काही उतरत नाही. बाहेरून कितीही हेलियम मारा, काही सापडत नाही, कारण बाहेरची शिवण शाबूत असते. याला आभासी गळती म्हणतात.

म्हणून सलग शिवण एकच, तीही आतून. बाहेरून बळकटी हवी असेल तर तुटक टाके, मध्ये जागा सोडून. आतली शिवण फुटकी असेल तर त्या जागेतूनच हेलियम तिच्यापर्यंत पोचतो आणि दोष सापडतो. मी कागदावर काढून दाखवलं. काका बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे बाहेरून मुद्दाम उघडं ठेवायचं?" हो, मुद्दाम.

रॉडचं वेल्डिंग इथे सहसा चालत नाही. जोडात अडकलेला स्लॅग (रॉडच्या लेपाची मळी) आणि बारीक पोकळ्या वायू व ओलावा धरून ठेवतात. आर्गॉन वेल्डिंग लागतं, आणि जोडाच्या मागच्या बाजूलाही आर्गॉन सोडावा लागतो. नाहीतर स्टेनलेसची पाठ काळी, खरबरीत होते आणि तिथे पाण्याची वाफ चिकटते. फ्रान्समधल्या आयटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्पाच्या व्हॅक्यूम व्हेसलचे, म्हणजे चेंबरचे, जे भाग युरोपात बनले, त्यांत इलेक्ट्रॉन बीमही, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने केलेलं वेल्डिंगही, वापरलं आहे. त्याचा जोड खोल आणि अरुंद असतो, पत्रा कमी वाकतो.

एक गोष्ट मात्र आपल्या किनाऱ्यावर जास्तच सांभाळावी लागते. लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावायची नाही. लोखंडाचे कण रुततात, आणि खाऱ्या हवेत त्या जागी गंजाचे तांबूस ठिपके उठतात.