दुसऱ्या गुणसूत्रातला सांधा

चार्ल्स डार्विनने १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात नैसर्गिक निवडीचा सिद्धांत सविस्तर मांडला, तेव्हा सुमारे पाचशे पानांच्या त्या ग्रंथात माणसाच्या उगमाविषयी त्याने एकच वाक्य लिहिले: माणसाच्या उत्पत्तीवर आणि इतिहासावर यातून प्रकाश पडेल. तेवढे एक वाक्यही वादाला पुरले. सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी निर्माण झाली, हे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधील वंशावळींवरून मांडलेले गणित भूशास्त्रज्ञांनी डार्विनच्या आधीच मोडीत काढले होते, आणि अनेक श्रद्धावंतांनी पृथ्वीचे प्रचंड वय मान्यही केले होते. माणसाचे इतर प्राण्यांशी रक्ताचे नाते आहे, हे पचवणे मात्र फार जड गेले. इतके, की १९२५ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. पुढे तो तांत्रिक मुद्द्यावर रद्द ठरला.

या वादात 'माणूस माकडापासून झाला' हे वाक्य सर्रास वापरले जाते आणि त्यातून बराच गैरसमज होतो. आजचा चिंपांझी आपला पूर्वज नाही, तो आपला दूरचा चुलतभाऊ आहे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहणारे काही जीव आपलेही पूर्वज होते आणि त्याचेही. म्हणूनच 'मग आजची माकडे माणूस का होत नाहीत?' हा प्रश्न, चुलत घराण्यातली मुले आपल्या घरात का जन्मत नाहीत असे विचारण्यासारखा आहे.

अशा नात्याचा पुरावा कसा असतो, हे पाहायचे तर आपल्या पेशीत डोकवावे लागते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान या तिघांत प्रत्येकी २४. पूर्वज एकच असतील तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली असती, तर तिच्यावरची शेकडो जनुकेही गेली असती आणि तो जीव जगलाच नसता. तेव्हा एकच वाट उरते: पूर्वजांची दोन गुणसूत्रे आपल्या वंशात टोकाला टोक लागून जुळली असली पाहिजेत. हे अनुमान तपासता येते, आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएची ठरावीक सहा अक्षरे, टीटीएजीजीजी, पुन्हा पुन्हा येतात. बुटाच्या नाडीच्या टोकावरील टोपणासारखे ते त्याचे रक्षण करतात. जुळणी खरोखर झाली असेल तर टोकाची ही अक्षरे गुणसूत्राच्या मधोमध कुठेतरी, एकमेकांसमोर उलटी आलेली सापडायला हवीत, शिवाय गुणसूत्राला कंबरेसारखा जो एकच आवळ असतो त्याची दुसरी, निकामी झालेली खूणही दिसायला हवी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात १९९१ साली हा सांधा ओळखला गेला. अक्षरे काळाच्या ओघात बरीच झिजली आहेत, पण क्रम वाचता येतो. जुन्या आवळाची खूणही त्याच गुणसूत्रात आहे.

असेच दुसरे उदाहरण क जीवनसत्त्वाचे. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या यकृतात तयार करतात. आपल्याला ते अन्नातून मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो. गंमत अशी, की ते बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याला लागणारे जनुक आपल्यात आहे, पण मोडके. चिंपांझीतही ते तसेच मोडलेले आहे. गिनीपिगलाही हे जीवनसत्त्व बनवता येत नाही, परंतु त्याच्या जनुकातली मोडतोड स्वतंत्रपणे झालेली आहे. एकाच पोथीच्या दोन नकलांत तीच चूक त्याच ओळीत आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे आपण निःशंकपणे म्हणतो. इथेही तर्क तोच आहे.

हा पुरावा धर्मग्रंथांतील निर्मितीकथांच्या शब्दशः अर्थाला छेद देतो, आणि ते आडपडद्याने सांगण्यात अर्थ नाही. मात्र विश्वामागे काही हेतू आहे का, या प्रश्नाचे उत्तर गुणसूत्रात सापडत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले, पण आत्म्याची निर्मिती त्यांनी ईश्वराकडेच राखली.

हार्वर्डमधील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांनीच हिरिरीने मांडली. जीवांत होणारे बदल ईश्वर हितकर दिशेने वळवत असावा, असे त्यांना वाटे. डार्विनने १८६८ साली त्याला उत्तर दिले: कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून गवंडी आपल्या कामाचे दगड निवडून घर बांधतो, पण त्या दगडांचे आकार त्याच्या घरासाठी आधीच ठरवून दिले होते, असे म्हणता येईल का? ग्रे यांना हे पटले नाही. दोघांची मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली, आणि सजीवांचे पूर्वज एकच होते याबद्दल त्यांच्यात कधीच वाद नव्हता.