वॉटरपंपचे पॅकिंग नेमके कोण धरून ठेवते?

मोटारीचा वॉटरपंप बदलल्यावर तिथूनच पुन्हा पाणी गळू लागले, की दोन निदाने हमखास ऐकू येतात. बोल्ट नीट आवळले नसतील, नाहीतर पॅकिंगला सिलिकॉन कमी लावले असेल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीबद्दल मी ही दोन्ही निदाने ऐकली आणि दोन्ही खोटी ठरली. नवा पंप बसवून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच रोज सकाळी गाडीखाली कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, हिरवट डाग दिसू लागला. पंप पुन्हा उतरवताना मी शेजारी उभा होतो. पॅकिंगच्या दोन्ही अंगांना सिलिकॉनचा जाड थर होता आणि त्यातले बरेचसे दाबाने आत सरकून पाण्याच्या वाटेत शेवयांसारखे लोंबत होते. सहापैकी दोन बोल्ट पान्याला फारसा विरोध न करता सुटून आले. पंप बसवताना कारागिराने प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पंपाच्या बॉडीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती, आणि त्या दोन्ही बोल्टांवरची ती रेघ अखंड होती. याचा अर्थ बोल्ट तसूभरही उलटा फिरला नव्हता आणि तरीही तो सैल झाला होता.

बोल्ट न फिरता सैल कसा होतो, हे समजले की पॅकिंग, सिलिकॉन आणि पान्याचा जोर यांबद्दलचे बहुतेक गैरसमज आपोआप दूर होतात. म्हणून पंपाच्या रचनेबद्दल मी थोडक्यातच सांगतो. पट्ट्यावर फिरणारे एक पाते इंजिनाच्या ब्लॉकमधून कूलंट ढकलते, आणि रेडिएटरचे झाकण त्या कूलंटला साधारण एक वातावरण इतक्या जादा दाबाखाली ठेवते, त्यामुळे साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. पंपाची फ्लँज, म्हणजे ब्लॉकला टेकणारी सपाट कड, आणि ब्लॉक हे दोन्ही पृष्ठभाग यंत्रावर सपाट केलेले असतात, पण त्यांच्यावर काही मायक्रॉन खोलीचे चर राहतातच, आणि दाबाखालच्या गरम पाण्याला तेवढी वाट पुरते. ते चर भरून काढण्यासाठी मध्ये पॅकिंग घालतात. पुस्तकात त्यालाच गॅस्केट म्हणतात. ते बहुधा रसायनांत भिजवलेल्या कागदाचे आणि साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. काही पंपांना रबराचे कडे किंवा रबर चढवलेला पत्रा असतो.

आता एक लहानसा हिशेब करू. पंपाचे तोंड ८ सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो या दाबाने पाणी पंपाला बाहेर ढकलते, तेव्हा एकूण जोर भरतो ५० किलो. त्याच्याविरुद्ध एम६ मापाचे, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचे, सहा बोल्ट आहेत, आणि १० न्यूटन-मीटर इतक्या टॉर्कने, म्हणजे फिरवण्याच्या जोराने, आवळलेला प्रत्येक कोरडा बोल्ट सुमारे ८,३०० न्यूटनांनी, म्हणजे जवळजवळ ८५० किलोंच्या जोराने दोन्ही भाग एकमेकांकडे ओढतो. हे एका लहान मोटारीचे वजन झाले. सहा बोल्टांचे मिळून पाच हजार किलो होतात, म्हणजे पाण्याच्या जोराच्या शंभरपट. इतका जोर कशासाठी लागतो? पॅकिंगच्या कागदाला त्या सूक्ष्म चरांत दाबून बसवायचे असते, पट्ट्याची ओढ आणि इंजिनाची थरथर सोसायची असते, आणि मुख्य म्हणजे, सुरुवातीला जितका जोर दिला तितका पुढे टिकत नाही, हे धरूनच ही तरतूद केलेली असते.

तो का टिकत नाही, हे कळण्यासाठी बोल्टकडे खिळा म्हणून न पाहता स्प्रिंग म्हणून पाहावे लागते. बोल्ट आवळणे म्हणजे त्याला ताणणे. डोके एका बाजूने अडलेले असते, आटे दुसऱ्या बाजूने ओढत असतात, आणि मधला पोलादी दांडा रबरासारखा लांबतो, फक्त रबरापेक्षा फार कमी. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम, की जितका ताण तितकी वाढ, इथे तंतोतंत लागू पडतो. डोक्यापासून आट्यांपर्यंत ४० मिलिमीटर मोकळी लांबी असलेला एम६ बोल्ट ८,३०० न्यूटनांच्या ताणाखाली सुमारे ०.०८ मिलिमीटरने लांबतो. डोक्याच्या एका केसाची जाडी साधारण एवढीच असते. वॉटरपंपचे पॅकिंग पाणी अडवते ते या केसाएवढ्या लांबीच्या जिवावर.

समजा, पॅकिंग हळूहळू दबून ०.०२ मिलिमीटरने पातळ झाले. डोळ्यांना किंवा बोटांना हा फरक कळणे शक्य नाही. पण बोल्ट तेवढाच आखडतो, त्याची ०.०८ ची वाढ ०.०६ वर येते, आणि त्याबरोबर त्याचा चौथा हिस्सा जोर नाहीसा होतो. बोल्ट आखूड असेल, मोकळी लांबी १५ मिलिमीटरच असेल, तर मूळची वाढच ०.०३ मिलिमीटर असते. मग त्याच ०.०२ च्या दबण्याने दोन तृतीयांश जोर जातो. एकाच पंपाचे सहा बोल्ट एकाच टॉर्कने आवळलेले असताना त्यांतले आखूड बोल्ट आधी सैल का पडतात, याचे उत्तर इथे आहे. आमच्या पंपाचे जे दोन बोल्ट सहज सुटले, ते सहांमध्ये सर्वांत आखूड होते. पांढरी रेघ अखंड राहिली, कारण फिरण्यासारखे काही घडलेच नव्हते. बोल्टखालची जमीन तेवढी खचली होती.

तापमान याच खचण्याला हातभार लावते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन २५ अंशांवरून ९५ अंशांवर गेले, की ४० मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची बॉडी पोलादी बोल्टपेक्षा सुमारे ०.०३ मिलिमीटर जास्त वाढते. त्यामुळे गरम इंजिनात बोल्ट आणखी ताणला जातो आणि पॅकिंगवरचा दाब वाढतो. त्या वाढीव दाबाखाली कागद थोडा अधिक चेपला गेला आणि मग इंजिन थंड झाले, तर बॉडी आखडते, पण कागद पूर्ववत फुगत नाही. सर्वांत कमी जोर पहाटेच्या थंड इंजिनात उरतो. गाडी दिवसभर चालताना कोरडी आणि सकाळी खाली डाग, असे होण्यामागे बहुधा हेच कारण असते. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनाचा ब्लॉक मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याचे बोल्टही ॲल्युमिनियमचे आहेत. पोलाद आणि मॅग्नेशियम एकमेकांना टेकल्यास मॅग्नेशियम लवकर गंजते हे त्याचे एक कारण, आणि प्रसरणाचा मेळ बसावा हे दुसरे. ते बोल्ट एकदा काढले की फेकून नवे घालायचे असतात.

सिलिकॉनचा जाड थर का घातक ठरतो, हे आता वेगळे सांगायला नको. ओले सिलिकॉन पॅकिंगला घसरण देते, दाबाने ते दोन्हीकडे सरकते आणि त्याबरोबर बोल्टची ती केसभर वाढ निघून जाते. शिवाय ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते. व्हिनेगरसारखा वास येतो तो या क्रियेत सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा, निदान त्या जातीच्या सिलिकॉनमध्ये. दोन धातूंच्या मध्ये कोंडलेल्या जाड थराला तो ओलावा मिळायला पुष्कळ वेळ लागतो, आणि आपण तासाभरात इंजिन चालू करतो. कागदी पॅकिंग जागेवर धरून ठेवण्यापुरता पुसट हात पुरे आहे, आणि रबरी कड्याला तर काहीही लावू नये. गळतीवर रेडिएटरमध्ये हळद किंवा अंडे टाकण्याचा उपाय आजही सांगितला जातो. हळदीचे कण भेगेत अडकून ती काही काळ बंद होते हे खरे, पण त्या कणांना भेग आणि रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. घाटात गाडी तापते तेव्हा त्याची किंमत मोजावी लागते. त्याच तत्त्वावर विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझे मत हेच आहे.

आता पान्याकडे येऊ. टॉर्क पाना बोल्टचा ताण मोजत नाही, तो फिरवायला लागणारा जोर मोजतो, आणि त्या जोरातला सुमारे निम्मा डोक्याखालच्या घर्षणात, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होऊन बोल्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. म्हणून आट्यांवर ग्रीस लावले आणि घर्षण तिसऱ्या हिश्शाने कमी झाले, तर त्याच १० न्यूटन-मीटरमध्ये ताण ८,३०० वरून सुमारे बारा हजार न्यूटनांपर्यंत चढतो. ८.८ या ताकदीच्या वर्गातल्या एम६ बोल्टची सुरक्षित मर्यादा ११,६०० न्यूटनांच्या आसपास असते. त्यापुढे तो कायमचा लांबतो, किंवा त्याआधीच ॲल्युमिनियममधले आटे जातात. याउलट आट्यांत जुना गंज किंवा कडक झालेले सिलिकॉन असेल, तर पाना टक् करून थांबतो, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा ज्या स्थितीतल्या आट्यांसाठी दिला आहे, त्याच स्थितीत आटे ठेवावेत. आवळतानाही समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, आधी निम्म्या जोराने आणि मग पूर्ण जोराने घ्यावेत, कारण दुसरा बोल्ट पॅकिंग दाबतो तेव्हा आधी आवळलेल्या पहिल्याचा ताण कमी होतो.

काही इंजिनांत बोल्टचे भोक आरपार जाऊन कूलंटच्या पोकळीत उघडते. तिथे पॅकिंग कितीही चांगले बसले तरी पाणी आट्यांच्या वाटेने वर चढते. एम६ च्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर असते, त्यामुळे १५ मिलिमीटर गुंतलेल्या भागात पंधरा वेढे होतात आणि त्या गोल जिन्याची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर भरते. हा जिना बुजवायला हवेशिवाय घट्ट होणारा द्रव वापरतात. अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी तो १९५३ मध्ये तयार केला. बाटलीत त्याला ऑक्सिजन मिळतो तोवर तो पातळ राहतो. आट्यांत ऑक्सिजन संपला आणि लोखंडाचे आयन मिळाले, की त्याचे रेणू साखळीने जोडले जाऊन घट्ट प्लास्टिक बनते. याने पाणी थांबते, आणि पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा शिरून आटे जाम होणेही टळते. भोक बंद तळाचे असेल, तर मात्र बोल्ट घालण्याआधी त्यातला कूलंट पुसून काढावा. द्रव दाबला जात नाही, आणि तळाशी साचलेल्या थोड्याशा कूलंटवर बोल्ट आवळला तर कास्टिंगला तडा जाऊ शकतो.

आमच्या पंपाला दुसऱ्या खेपेस कोरडे नवे पॅकिंग बसले आणि आरपार जाणाऱ्या दोन बोल्टांना तो द्रव लागला. त्यानंतर मी रोज सकाळी, इंजिन थंड असताना, विजेरी घेऊन पंपाच्या दोन जागा पाहत होतो. एक म्हणजे पॅकिंगची कड. दुसरी म्हणजे बॉडीच्या पोटाशी असलेले बारीक छिद्र, ज्यातून दांड्याचे आतले सील झिजल्यावर कूलंट बाहेर येतो. त्या छिद्राखाली पांढरट-हिरवी खपली धरली, तर पॅकिंग आणि बोल्ट निर्दोष असतात आणि पंपच बदलावा लागतो. महिनाभर पाहिले, दोन्ही जागा कोरड्या होत्या.